आठ जणांचा ठराव

१५ जानेवारी २०२४

ही वही कायसूने दिली. म्हणाली, "बाबा, क्लबचा इतिहास लिहिताना राग आला की इथे लिही. तिकडे नको." मुलगी ताम्पेरे शहरात बसून बापाला शहाणपण शिकवते. मला राग येत नाही. लोक वेड्यासारखे वागतात आणि मी ते बोलून दाखवतो, एवढंच.

तर हकीकत अशी. बंद पडलेल्या क्लबांचे इतिहास जिल्हा क्रीडा संघाला हवे आहेत, तीस एप्रिलच्या आत. आमच्या कुइक्कालाम्पी गावच्या तार्मो क्लबचा इतिहास माझ्याशिवाय लिहिणार कोण? एकोणतीस वर्षं अध्यक्ष होतो मी. पहाटे सरकारी यंत्राने रस्त्यावरचं बर्फ काढायचं आणि संध्याकाळी क्लबच्या स्कीच्या वाटा आखायच्या, यात माझं आयुष्य गेलं. गावात घरं साठ आणि क्लबात खेळ पाच: स्की, कुस्ती, पेसापालो हा बॅट-चेंडूचा खेळ, धावणं आणि बायकांचं जिम्नॅस्टिक्स. १९३१ साली सुरू झाला, २००८ साली संपला.

नऊ प्रकरणं लिहून झालीत. दहावं अडलंय. क्लब का संपला?

१७ जानेवारी

आज इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. १९५८ साली स्कीच्या झोपडीतली शेगडी दाराच्या उजवीकडे असावी की डावीकडे, यावर चार पानं खर्ची घातलीत. दोन माणसं चिडून उठून गेली, तेही लिहिलंय. आणि शेवटची सभा? माइरेच्या सुबक अक्षरात चार ओळी:

"विषय पाचवा: क्लब विसर्जित करणे. कुणाला काही म्हणायचं आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. कुणी बोललं नाही. ठराव एकमताने मंजूर. नंतर कॉफी."

सत्त्याहत्तर वर्षं, आणि नंतर कॉफी!

तेही एकदा नाही, दोनदा. आमचा नियमच तसा होता. बंद करायचं तर महिन्याच्या अंतराने दोन सभा, आणि दोन्हींना निदान आठ सभासद हजर. नोव्हेंबरात आठ जण मूग गिळून बसले. डिसेंबरात तेच आठ जण पुन्हा मूग गिळून बसले. आठातला एक मी, पण मी अध्यक्ष. माझं काम विचारायचं. बाकी सातांपैकी तिघं आता चर्चच्या आवारात मातीखाली आहेत आणि एक स्वीडनला मुलीकडे. उरले ओइवा, माइरे आणि ताइस्तो. तिघांकडून वदवून घेतल्याशिवाय सोडणार नाही.

२३ जानेवारी

ओइवाकडे गेलो. पेसापालोत याच्यासारखी बॅट जिल्ह्यात कुणी फिरवली नाही. आता एक्क्याऐंशीचा आहे, खिडकीशी बसून पाखरं मोजतो.

"ओइवा, त्या दिवशी तू गप्प का बसलास?"

"कुठल्या दिवशी?"

"अरे, क्लब बंद केला त्या दिवशी!"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. 

"यंदा पाखरं कमी आलीत," तो म्हणाला.

"मी पाखरांचा इतिहास लिहीत नाहीये."

"नाही, तसं नाही..." त्याने बशी माझ्याकडे सरकवली. "आम्हाला वाटलं, तुला तेव्हा घरी..."

"मला घरी काय?"

"पाव घे अजून. सुनेने केलाय. वेलची जास्त पडलीय जरा."

झालं. पुढे हूं नाही की चूं नाही. याच्या तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागेल. आणि सुरुवात कशी, तर "तुला". म्हणजे यांनी गप्प बसायचं आणि खापर फोडायचं माझ्या डोक्यावर! अर्धं वाक्य ऐकूनच कळलं मला.

वेलची खरंच जास्त होती.

२४ जानेवारी

उणे एकतीस. गाडी सुरू झाली नाही. काही लिहिलं नाही.

२ फेब्रुवारी

आज माइरे. बावीस वर्षं क्लबची चिटणीस, आणि बायकांचं जिम्नॅस्टिक्स ती आणि माझी बायको हिल्का मिळून शिकवायच्या. हिल्काची तिच्याएवढी जवळची मैत्रीण दुसरी नव्हती. म्हटलं, ही तरी बोलेल.

मी विषय काढल्याबरोबर तिने टेबल पुसायला घेतलं. टेबल आरशासारखं स्वच्छ होतं.

"विल्यो, काही गोष्टी लिहायच्या नसतात."

"मग नुसत्या सांग."

"त्या सांगायच्याही नसतात."

"अगं, मग त्या असतात तरी कशाला?"

ती हसली नाही. फडकं घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, "नाताळात हिल्काच्या थडग्याशी मेणबत्ती लावलीस ना?"

लावली होती, दरवर्षी लावतो. पण त्याचा इथे काय संबंध? मी क्लबचं विचारतोय आणि ही विषय बदलतेय. मेलेल्या माणसाचं नाव काढलं की विल्यो गप्प बसतो, हे या बाईला पक्कं ठाऊक आहे. आणि बसलोच मी गप्प, गाढवासारखा. कॉफी संपवून घरी आलो.

तिघांनी मिळून काहीतरी दाबून ठेवलंय. माझी आता खात्री पटली आहे.

११ फेब्रुवारी

कायसूचा फोन. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, पण बंद करायचा विषय पत्रिकेवर घातला कुणी?"

"पत्रिका अध्यक्षच लिहितो."

"म्हणजे तू."

"अध्यक्ष म्हणून."

"म्हणजे तूच ना?"

फोन ठेवल्यावर तासभर घरात येरझाऱ्या घातल्या. आता ही वही कुणी वाचणार नाही, तर लिहून टाकतो. हो, मीच घातला. २००८च्या शरदात. स्कीच्या वाटेवर दिवे लावायला त्या वर्षी मी एकटाच होतो. बोलावलेले नऊ जण, आलं कुणीच नाही. हिल्काचं कुओपिओच्या इस्पितळात जाणं-येणं चालू होतं. मी वैतागलो आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून पत्रिका लिहिली. विषय पाचवा.

पण बंद करायला नाही लिहिला! आपण कॉफीच्या दुसऱ्या कपाला "आता पुरे" म्हणतो, तेव्हा पुरे कुणाला हवं असतं? यजमानाने आग्रह करायचा असतो, मग आपण कप पुढे करायचा. लहान पोराला कळतं हे. मला वाटलं, कुणीतरी टेबलावर मूठ आपटेल. "विल्यो, डोकं फिरलंय का तुझं?" म्हणेल. कुणीतरी म्हणेल, दिवे मी लावतो. मी विचारलं आणि थांबलो. भिंतीवरच्या घड्याळात चांगला मिनिटभर थांबलो. सात माणसं आपापल्या हातांकडे बघत बसली होती.

महिन्याने पुन्हा तेच. तेव्हा दोन मिनिटं थांबलो.

हे कायसूला सांगणार नाही.

२६ फेब्रुवारी

दुकानात ताइस्तो भेटला. दुकानात म्हणजे कोपऱ्यातल्या कॉफीच्या टेबलावर. तो तिथेच असतो, म्हणून मी सहसा दुपारी जातो. आज सकाळी गेलो, मुद्दाम.

ताइस्तो कुस्तीत जिल्ह्याचा विजेता होता. तीस वर्षं दर शनिवारी त्याच्या सौनात, त्या लाकडी वाफेच्या खोलीत, बसलो मी. डिसेंबर २००८ नंतर एकदाही पाय ठेवला नाही. त्याने कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

समोर बसलो. तो १९६८ सालच्या क्लबच्या स्पर्धेत जिंकलेल्या चांदीच्या चमच्याने कॉफी ढवळत होता. खिशात घालून आणतो तो चमचा दुकानात! आणि म्हणे क्लब नको होता.

"दुसऱ्या सभेला तुला एकोणचाळीस डिग्री ताप होता," मी म्हणालो.

"होता."

"आठवा माणूस तू. तू आला नसतास तर सभाच झाली नसती."

"माहितेय."

"तरी आलास. अंगाला घोंगडी गुंडाळून आलास! एवढी घाई झाली होती तार्मोला गाडायची?"

शेजारच्या टेबलावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. ताइस्तोने चमचा पुसला, खिशात ठेवला, टोपी घातली.

"गाढव होतास तू, विल्यो," तो म्हणाला. "अजूनही आहेस."

मला गाढव! भर दुकानात! रागाच्या भरात दूध न घेताच घरी आलो आणि परत जायची लाज वाटली. आता दोन दिवस कॉफी काळीच प्यावी लागणार.

८ मार्च

दहावं प्रकरण लिहिलं. एका बैठकीत, सकाळी सुरू केलं ते जेवायलाही उठलो नाही. मथळा: "सात गप्प माणसं". सगळ्यांची नावं घातलीत. मेलेल्यांचीसुद्धा. तार्मोला पैशाअभावी मरण आलं नाही, माणसं कमी पडली म्हणून नाही, शाळा बंद झाली म्हणून नाही. सात माणसांना एक वाक्य बोलायचा कंटाळा आला म्हणून आलं, असं स्पष्ट लिहिलंय. ताइस्तोचा तापही लिहिलाय.

रीत म्हणून तिघांना प्रती टपालाने पाठवल्या. "चुका असल्यास कळवाव्यात." आता तरी भांडायला येतील. येऊ देत. मी तयार आहे.

१४ मार्च

कुणी आलं नाही.

२० मार्च

ओइवाची प्रत परत आली. दारात उभ्या उभ्याच उघडली. पेन्सिलीने दोन दुरुस्त्या केल्या आहेत. एक: अंतिम सामन्यातला तो फटका १९७३चा नाही, १९७४चा. दोन: त्याचा मोडलेला गुडघा डावा होता, उजवा नाही.

बस्स! मी या माणसाला क्लबचा खुनी म्हटलंय, छापायला देतोय, आणि हा मला गुडघा कुठला ते सांगतो! आणि शेवटी लिहिलंय, "बाकी वाचनीय."

भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. अशा माणसांशी भांडायचं तरी कसं? मूठ मारावी तर कापसाला लागते.

माइरे आणि ताइस्तो यांच्याकडून काही नाही.

२ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

अकराच्या सुमारास माइरे आली. रस्त्यावर नुसता चिखल-बर्फ, बर्फावरची ढकलगाडी घसरेल अशी वाट नाही, तरी ती ढकलत आली. ऐंशीची बाई. दारातच म्हणाली, "कॉफी नको." तेव्हाच मला भीती वाटली. कॉफीला थेट नको म्हणणारी माइरे मी कधी पाहिली नव्हती.

प्रत टेबलावर ठेवली. "ताइस्तोचं हे काढ. बाकी काय हवं ते ठेव. माझं ठेव. पण त्याचं काढ."

"का काढू? खोटं आहे?"

"खरं आहे. म्हणूनच काढ." ती उभीच होती. "मी वचन दिलं होतं, विल्यो. पण जिला दिलं तिला चौदा वर्षं झाली जाऊन. आणि तू हे छापलंस तर तिला काय वाटेल, याचा विचार करून मला आठवडाभर झोप नाही."

मग तिने सांगितलं.

माझी पत्रिका टेबलावर पडली होती ती हिल्काने वाचली. विषय पाचवा. वाचून तिने माइरेला बोलावून घेतलं. म्हणाली, "विल्योला थांबायचंय. माझ्या आजारामुळे. तोंडाने तो कधी म्हणायचा नाही, तुला माहितेय कसा आहे. सभेत कुणी अडवू नका. त्याला कारणं सांगत बसायला लावू नका, सगळ्यांसमोर." आणि मग स्वतः एकेकाला फोन केले. सात फोन. एक फोन झाला की पडून राहायची, मग दुसरा. ताइस्तोला तर दोनदा केला. दुसऱ्या सभेला एक माणूस कमी पडला तर विल्योला तिसऱ्यांदा विचारावं लागेल, तेवढं होऊ देऊ नकोस, म्हणून.

म्हणजे ताइस्तो ताप घेऊन आला तो माझ्यासाठी.

मी खुर्ची मागे ढकलून उठलो. मग ओरडलो. "मग मला का नाही सांगितलंत? पंधरा वर्षं! पंधरा वर्षं मी..."

"तिने शपथ घातली होती. आणि तू आम्हाला विचारलंस कधी? या जानेवारीपर्यंत तू कुणाशी धड बोललासही नाहीस. आम्हाला वाटायचं, तुला हिल्काची आठवण येते म्हणून तू क्लबच्या माणसांना टाळतोस. म्हटलं, आपण त्याला त्रास द्यायला नको."

मग तिने अगदी हळू विचारलं, "विल्यो, तुला क्लब बंद करायचा होता ना?"

"नाही," मी म्हणालो.

माइरे बूट काढायच्या बाकावर मटकन बसली. "अरे देवा," म्हणाली. बराच वेळ तेवढंच म्हणत होती. मग सांगितलं तिने उरलेलं. हिल्कालाही नको होता. सातवा फोन झाल्यावर ती माइरेच्या मांडीवर डोकं ठेवून रडली होती. क्लब गेल्यावर विल्यो करेल काय दिवसभर, म्हणत होती.

३ एप्रिल

दुसऱ्या सभेहून घरी आलो तेव्हा हिल्का भांडी विसळत होती. इतकी अशक्त होती तरी. पाठमोरी होती. म्हणाली, "ठरलं?"

"ठरलं," मी म्हणालो.

"बरं झालं."

हे "बरं झालं" मी पंधरा वर्षं मनात धरून बसलो. मला वाटायचं, तिला क्लब कधीच आवडला नव्हता. ती गेली त्या दिवसापर्यंत मनात एक अढी होती माझ्या. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहितोय. ती वळली असती तर तिचा चेहरा दिसला असता. किंवा मी दोन पावलं पुढे गेलो असतो तर. स्वयंपाकघर केवढंसं आहे आमचं.

दिवसभर काही सुचलं नाही. राग येतोय, पण कुणावर काढू? तिच्यावर? सात फोन करून दमलेल्या बाईवर?

९ एप्रिल

दहावं प्रकरण फाडून नव्याने लिहिलं. अर्धं पान झालं. हिल्काचं नाव घातलं नाही. ती गोष्ट जिल्हा क्रीडा संघाच्या कपाटात ठेवण्यासाठी नाही. मुख्य मजकूर एवढाच:

"क्लब विसर्जित करण्याचा विषय अध्यक्षांनी स्वतः मांडला. कुणीतरी विरोध करावा, अशी त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. सभासदांनी त्यांच्यावरच्या मायेपोटी विरोध केला नाही. हजर आठांपैकी एकालाही क्लब बंद करायचा नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला."

कायसूला फोनवर वाचून दाखवलं. तिने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, आपल्या घरातही असंच होतं रे." मी म्हणालो, "काय असंच?" ती म्हणाली, "काही नाही." मी म्हणालो, "कायसू, काही नाही म्हणू नकोस. सांग." तास-दीड तास बोललो. फोनवर इतका वेळ मी आयुष्यात बोललो नव्हतो.

१३ एप्रिल, शनिवार

तीन वाजता ताइस्तोच्या आवारात शिरलो. सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो लाकडं घेऊन बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं.

"तापलंय," म्हणाला आणि आत गेला.

वरच्या फळीवर बसलो दोघं. मधे एका माणसाची जागा सोडून. तो शेगडीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकत होता, मी घाम पुसत होतो. आधी म्हटलं, पहिलं पाणी होऊ दे, मग बोलू. मग म्हटलं, दुसरं होऊ दे. तिसऱ्यांदा त्याने कळशी उचलली तेव्हा मीच वैतागलो माझ्यावर. हेच! आयुष्यभर हेच केलं!

"मला बंद करायचा नव्हता," मी म्हणालो. "कुणीतरी नको म्हणावं, म्हणून विषय घातला होता. तू म्हणशील असं वाटलं होतं मला. तूच."

त्याचा हात तसाच राहिला.

"माइरेने सांगितलं मला," तो म्हणाला. कळशी खाली ठेवली आणि म्हणाला, "मला म्हणायचं होतं. जिभेवर होतं. तुझ्याकडे बघितलं आणि वाटलं, याला किती त्रास द्यायचा."

"आणि मी तुला खुनी लिहिलं."

"वाचलं मी. चांगलं लिहितोस."

हसायला आलं दोघांनाही, पण फार वेळ टिकलं नाही. त्याने पाणी टाकलं. वाफ इतकी आली की समोरचं दार दिसेना.

"एक विचारू?" त्याने त्या वाफेतूनच विचारलं. "आज हिल्का असती, आणि माइरे तुझ्याकडे आली नसती, तर तू तिला हे सांगितलं असतंस?"

मी विचार केला. खरंच केला, उगाच उत्तर द्यायचं म्हणून नाही.

"नाही," मी म्हणालो. "नसतं सांगितलं."

आणि मला रडू आलं. आवाज करून रडलो, म्हाताऱ्या माणसाने रडू नये तसं. ताइस्तो मधली जागा ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसला.